कडकपणा मोजला तर सुई टळेल का?

सोलापुरातल्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. पत्नीचं वय ३८. आंघोळ करताना उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये १४ मिलिमीटरची गाठ, श्रेणी 'बायरॅड्स ४ए' (बायरॅड्स म्हणजे गाठीत कर्करोगाचा संशय किती, हे सांगणारी मोजपट्टी) आणि खाली सुईने तुकडा काढून तपासण्याचा सल्ला. घरात सुईला विरोध आहे, कारण सुई लावली की गाठ चवताळते असं आईचं म्हणणं. त्यातच पुण्यातल्या भाच्याने कळवलं की गाठ किती कडक आहे हे मोजणारी नवी सोनोग्राफी आली आहे, इलास्टोग्राफी म्हणतात, आणि गाठ मऊ निघाली तर सुईची गरजच नाही. मग पुण्याला जाऊन ही तपासणी करावी का, आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा?

मी सोलापुरात बरीच वर्षं सोनोग्राफी करते. इलास्टोग्राफी माझ्या रोजच्या कामातली आहे, त्यामुळे तिचे गुण आणि खोड्या दोन्ही ठाऊक आहेत. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. कडकपणावरून कर्करोग ओळखता येतो का, हा एक. सुई कशी टाळावी, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'बऱ्याच अंशी हो' असं आहे. त्या 'बऱ्याच अंशी'मुळेच दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

आधी कडकपणाचं बघू. कर्करोगाची गाठ सहसा कडक लागते, कारण तिच्या पेशी वाढताना भोवती दाट तंतूंचं जाळं तयार होतं, कोलॅजेनचे धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि आतला द्रवाचा दाबही वाढतो. म्हणून जुने सर्जन बोटांनी चाचपून पुष्कळ काही सांगू शकत, आणि आजही सांगतात. हाताच्या या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक महिलांवर वीस वर्षं चाललेला टाटा रुग्णालयाचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासत होत्या. त्या गटातला आजार तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या महिलांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी दिसले. सगळ्या वयोगटांचा एकत्र हिशेब केला तर मात्र घट कमी होती आणि ती ठामपणे सिद्ध झाली नाही.

बोटांना मर्यादा आहेत. खोलवरची बारीक गाठ लागत नाही, आणि एका डॉक्टरला 'कडक' वाटलेलं दुसऱ्याला 'जरा घट्ट' वाटतं. हा स्पर्श चित्रात आणायचा प्रयत्न ह्यूस्टनमध्ये जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि १९९१ मध्ये मांडला. कल्पना साधी होती. प्रोबने, म्हणजे सोनोग्राफीत अंगावर टेकवतात त्या दांड्याने, ऊतक किंचित दाबायचं, दाबण्याआधीचे आणि नंतरचे प्रतिध्वनी ताडून पाहायचे, आणि कुठला भाग किती चेपला हे काढायचं. कापसाच्या गादीत सरकीचा गोळा राहिला असेल तर गादी दाबताना कापूस बसतो, गोळा बसत नाही. मशीन तेच पाहतं आणि चेपलं-न चेपलं त्याप्रमाणे रंग भरतं. याला स्ट्रेन इलास्टोग्राफी म्हणतात. यात कडकपणाचा खरा आकडा मिळत नाही. गाठ शेजारच्या चरबीपेक्षा किती कमी चेपली, एवढाच तुलनेचा हिशेब मिळतो.

दुसरी पद्धत शिअर वेव्हची. इथे हाताने दाबायचं नसतं. प्रोबमधून ध्वनीचा एक केंद्रित झोत आत सोडला की ऊतकाला बारीकसा धक्का बसतो आणि त्या जागेपासून आडव्या लाटा बाजूला पसरतात. या लाटा फारच संथ असतात. सोनोग्राफीचा ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो, तर या लाटा साधारण १ ते १० मीटर. त्यांचा पाठलाग करायला सेकंदाला हजारो चित्रं टिपावी लागतात. ऊतक जितकं कडक तितकी लाट वेगवान, आणि त्या वेगावरून किलोपास्कलमध्ये, म्हणजे कडकपणा मोजायच्या एककात, आकडा निघतो.

एक छोटा हिशेब इथेच सांगून ठेवते, कारण दोन ठिकाणचे रिपोर्ट समोर ठेवून लोक घाबरतात. एकात ५.२ लिहिलेलं असतं, दुसऱ्यात ८०, आणि गाठ पंधरा पट कडक झाली असं वाटतं. पहिला आकडा वेगाचा आहे, मीटर प्रति सेकंद. त्याचा वर्ग करा, तीनने गुणा, किलोपास्कल मिळतात. ५.२ चा वर्ग २७, त्याच्या तिप्पट ८१. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात.

रंगांचं तर याहून अवघड. काही मशीनवर निळा म्हणजे कडक आणि लाल म्हणजे मऊ, काहींवर बरोबर उलटं. घरातली मंडळी रंगीत प्रिंटचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात, तिकडून कुणीतरी 'लाल दिसतंय, जपा' असं लिहितं, आणि माझ्यासमोर येईपर्यंत त्या बाईची दोन रात्रींची झोप गेलेली असते. चित्राच्या कडेला रंगांची उभी पट्टी असते, तिच्या कुठल्या टोकाला कडक लिहिलंय ते पाहिल्याशिवाय रंगाला अर्थ नाही.

आता भरवशाचं. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठाच्या गटाने स्ट्रेन पद्धतीसाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टी बनवली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही वापरात आहे. पूर्ण गाठ सारखी चेपली तर १, गाठ अजिबात चेपली नाही तर ४, गाठीसोबत भोवतालचा भागही ताठ असेल तर ५. त्यांनी १११ गाठी तपासल्या, त्यात ५२ कर्करोगाच्या होत्या. ४ आणि ५ ला संशयास्पद धरलं तर ८६.५ टक्के कर्करोग पकडले गेले आणि साध्या गाठींपैकी ८९.८ टक्के साध्या म्हणून बरोबर ओळखल्या गेल्या. आकडे चांगलेच आहेत. पण पहिला आकडा उलटा वाचून पाहा: ५२ पैकी ७ कर्करोग कडक या गटात आलेच नाहीत. हे काम मुरलेल्या लोकांनी केलेलं होतं, हेही लक्षात घ्या.

शिअर वेव्हसाठी युरोप-अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून ९३९ गाठींचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये आला. त्यात तपासलेल्या सीमारेषांपैकी ८० किलोपास्कल ही एक, आणि श्रेणी ३ (सहा महिन्यांनी पुन्हा बघू) व ४ए (तुकडा तपासू) यांच्या काठावरच्या गाठी वर किंवा खाली सरकवायला या मापाचा उपयोग होतो असं दिसलं. काठावरच्या, हे महत्त्वाचं. अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संस्थेने २०१३ च्या बायरॅड्स आवृत्तीत मऊ, मध्यम, कडक अशी नोंद करायला जागा दिली आणि सोबत बजावलंही की गाठीचा आकार आणि कडा जे सांगतात त्याला कडकपणाने खोडू नये. गाठ उभट असेल, कडा काटेरी असतील, मागे काळी सावली पडत असेल, तर ती कितीही मऊ निघाली तरी मी सुईच सुचवते.

कारण मऊ कर्करोग असतात. श्लेष्मासारखा द्रव भरलेला म्युसिनस प्रकार मऊ लागू शकतो. नलिकांच्या आतच असलेला सुरुवातीचा आजार मऊ असू शकतो. झपाट्याने वाढणाऱ्या काही गाठींचा मधला भाग मरून विरघळतो, त्या बाहेरून गोल, गुळगुळीत आणि आतून मऊ दिसतात, आणि तरुण बायकांमध्ये याच गाठी फायब्रोअॅडेनोमाचं, म्हणजे कर्करोग नसलेल्या साध्या गाठीचं, सोंग घेतात. लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग, हाही कधीकधी मऊ निघतो.

उलट बाजूने, कडक असलेलं सगळं कर्करोग नसतं. जुन्या फायब्रोअॅडेनोमात कॅल्शियम साठलं की तो दगडासारखा होतो. मार लागून चरबी मेलेली जागा कडक होते. आपल्याकडे क्षयाची गाठ आणि ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाची सूज, या दोन्ही साध्या सोनोग्राफीतही कर्करोगासारख्या दिसतात आणि इलास्टोग्राफीतही. मानेतल्या गाठींचंही तेच. अशा वेळी रंगीत चित्र पाहून निदान सांगणारा माणूस मला धाडसी वाटतो.

आणि हाताचा भाग. मशीन महाग असलं म्हणजे मोजमाप बरोबर येतं असं नाही. प्रोब जरा जास्त टेकवला तर साधी चरबीही कडक दिसायला लागते, कारण दाबलेलं ऊतक ताठ होतंच. मी नवीन मुलांना शिकवताना सांगते की जेलचा थर दिसला पाहिजे, प्रोबचं वजनही पेशंटवर पडता कामा नये, आणि काही सेकंद श्वास रोखायला लावा. गाठ खोल असेल, तीन-चार सेंटीमीटरच्या खाली, तर सिग्नल पोचत नाही. गाठ फार मोठी असेल तर भोवतालची तुलनाच हरवते.

यातला सर्वात फसवा प्रकार वेगळाच आहे. अतिशय कडक कर्करोगात शिअर लाटा नीट शिरतच नाहीत. मशीनला काही मोजता येत नाही, मग तो भाग रंगाविना रिकामा राहतो, किंवा वाईट म्हणजे मऊचा रंग दाखवतो. म्हणजे सर्वांत वाईट गाठ सर्वांत निरुपद्रवी भासते. अशा वेळी गाठीच्या मधल्या भागापेक्षा कडेचं कडं बघायचं असतं, ते बहुधा भडक कडक दिसतं. चांगल्या मशीनवर मोजमापाचा दर्जा दाखवणारा वेगळा नकाशा असतो, तो उघडून पाहायचा असतो. रिपोर्टमध्ये नुसतं 'सॉफ्ट' लिहून आलं तर या सगळ्यातलं काय झालं आणि काय नाही, ते तुम्हाला कळणार नाही.

मग मी ती वापरते कशाला? कारण योग्य जागी ती फार कामाची आहे. गाळ साचलेली पाण्याची गाठ साध्या चित्रात भरीव वाटते. द्रवात शिअर लाट चालतच नाही आणि स्ट्रेनमध्ये काही मशीनवर रंगांचे ठरावीक पट्टे उमटतात, त्यावरून बऱ्याचदा उलगडा होतो. दोन्ही स्तनांत चार-पाच फायब्रोअॅडेनोमा असलेली मुलगी आली तर आधी सुई कुठे लावायची, हे ठरवायला मदत होते. श्रेणी ३ ची गाठ, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा बघू अशी, अनपेक्षितपणे कडक निघाली तर मी थांबत नाही. खरं सांगायचं तर सुई टाळण्यापेक्षा न ठरलेली सुई लावायला लावण्यात या तपासणीचा मला जास्त उपयोग झाला आहे.

एक गैरसमजही दूर करते. शेजारच्या काकांची यकृतासाठी फायब्रोस्कॅन झाली, तीच ही तपासणी का, असं पुष्कळ जण विचारतात. तत्त्व जवळचं आहे, काम वेगळं. फायब्रोस्कॅन यकृताचा सरासरी ताठपणा एका आकड्यात सांगतं. त्यात चित्रावर गाठ शोधली जात नाही. सिरॉसिस झालेल्या यकृतात तर कर्करोगाची गाठ भोवतालच्या यकृतापेक्षा मऊही असू शकते. थायरॉइडमध्ये पॅपिलरी कर्करोग कडक असतो, पण फॉलिक्युलर प्रकार मऊ सापडतो. म्हणून एका अवयवाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

आता तुमच्या पत्नीबद्दल. ४ए म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून अधिक, पण १० टक्क्यांच्या आत. अशा शंभरातल्या नव्वद किंवा त्याहून जास्त जणींची गाठ साधी निघते, हे घरात सगळ्यांना आधी सांगा. मग पुढचा हिशेब करा. समजा अशा शंभर जणींपैकी सहा जणींना खरोखर कर्करोग आहे. इलास्टोग्राफी उत्तम हाताने केली तरी त्या सहांमधली एखादी मऊ म्हणून घरी जाऊ शकते. सुईने तुकडा काढला तर ही शक्यता फारच कमी होते. मऊ म्हणून घरी गेलेल्या त्या एकीच्या जागी तुमच्या पत्नी असतील की नाही हे कुणालाच आधी सांगता येत नाही.

माझं मत असं: पुण्याला केवळ इलास्टोग्राफीसाठी जाऊ नका. सोलापुरात ही सोय आहे, आणि ज्या सेंटरमध्ये सुईची तपासणी होणार तिथेच, त्याच बैठकीत दोन मिनिटं कडकपणा पाहता आला तर जरूर पाहावा. सुई गाठीच्या कोणत्या भागातून न्यायची ते त्याने ठरतं. त्यासाठी वेगळी तारीख, वेगळा खर्च आणि दोन आठवड्यांची वाट नको. मशीन घरी आणता येईल का, असंही काही जण विचारतात. सोनोग्राफीचं यंत्र गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली ठिकाणासह नोंदलेलं असतं, ते असं उचलून नेता येत नाही.

माझा सल्ला एकाच परिस्थितीत बदलेल. मूळ सोनोग्राफी घाईत झाली असेल किंवा ४ए हे नुसतं 'जपून' लिहिलं असेल, तर दुसऱ्या अनुभवी रेडिऑलॉजिस्टने गाठ पुन्हा नीट पाहावी. ती स्वच्छ अंडाकृती, आडवी, गुळगुळीत कडांची आणि सोबत मऊही निघाली, तर ते तिला श्रेणी ३ मध्ये आणून सहा महिन्यांनी बोलावू शकतील. हा निर्णय चित्र स्वतः पाहणाऱ्याचा. मी इथे बसून तो देऊ शकत नाही. घरात आई किंवा बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झालेला असेल, तर ही सूट मी देणार नाही.

राहिला सुईचा धाक. सोलापूरच्या पूर्व भागातून येणाऱ्या विडी वळणाऱ्या बायका असोत की होटगी रोडच्या बंगल्यातल्या, तेलुगू, कन्नड, मराठी सगळ्या भाषांत मी हेच ऐकते: 'मॅडम, सुई मारली की पसरतं.' ही समजूत कुठून आली ते कळतं. गाठ दुखत नाही म्हणून माणसं महिनोन्‌महिने थांबतात, शेवटी येतात तेव्हा सुई लागते, आणि आजार पसरल्याचं नेमकं त्यानंतरच्या तपासण्यांत कळतं. दोष सुईच्या माथी. सुईच्या वाटेत क्वचित काही पेशी सरकलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, हे खरं आहे. पण त्याने रुग्णांचं आयुष्य घटल्याचं दिसलेलं नाही, आणि पुढे ऑपरेशन लागलंच तर त्या भागावर उपचार होतातच. जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत सुई आत नेतात, तांदळाच्या दाण्याहून बारीक असे काही तुकडे घेतात. टाका नसतो. त्याच दिवशी घरी.

बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेणारी एफएनएसी स्वस्त पडते, पण स्तनाच्या गाठीसाठी कोअर बायोप्सीचाच, म्हणजे वर सांगितलेल्या तुकडा काढण्याच्या तपासणीचाच, आग्रह धरा. तुकडा मिळाला तर कर्करोग निघाल्यास त्यावरच, कोणतं औषध लागू पडेल हे ठरवणाऱ्या, हार्मोन आणि हर२च्या चाचण्या होतात आणि पुन्हा टोचावं लागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि रिपोर्ट 'साधी' आला तरी तो चित्राशी जुळतो का, हे रेडिऑलॉजिस्टला विचारा. चित्र वाईट आणि रिपोर्ट गोड असेल तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. चुकून दुसरं काही निघालंच, तर खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात सोलापूरचं शासकीय रुग्णालय आहे, बार्शीला कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे, म्हणजे हा आजार इथल्या यंत्रणेला नवा नाही.

एक क्रम मात्र पाळा. मॅमोग्राफी सांगितली असेल तर ती आणि कडकपणाची मोजणी, दोन्ही सुईच्या आधी उरका. सुईनंतर आत थोडं रक्त साकळतं, ते मॅमोग्राफीत सावली धरतं आणि इलास्टोग्राफीत कडक दिसतं. मग पुढचे काही आठवडे कोणतंही चित्र धड वाचता येत नाही.